दोन वाड्यांच्या मधे पडण्यापूर्वी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बंदराजवळच्या दोन वाड्यांतील मुलांमध्ये गेल्या शिमग्यापासून तीन वेळा मारामारी झाली, तिसऱ्या खेपेस एका मुलाच्या डोक्याला सोळा टाके पडले, आणि आता पुढच्या वेळी कोयता निघणार असे दोन्हीकडची मुले उघड बोलू लागली आहेत. शिकागो शहरात अशा भांडणांत पडून ती थांबवणारे पगारी कार्यकर्ते असतात, हे वाचून तुम्ही चौघा मित्रांनी तसा गट काढायचे मनात आणले आहे. तुमची आई म्हणते की दुसऱ्यांच्या भांडणात जीव घालवशील. यात खरोखर धोका किती आणि सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारता.

धोका आहे, आणि तो टाळता येत नाही, हे आधी सांगते. मात्र तुमच्या पत्रातील एक गृहीतक मला पटत नाही. भांडण पेटल्यावर मधे कसे पडावे, हा मुख्य प्रश्न आहे असे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या अनुभवात त्या क्षणी तुम्ही काय करता यावर फार थोडे अवलंबून असते. दोन्ही बाजूंची मुले तुम्हाला आधीपासून कोण समजत आली आहेत, यावर जवळजवळ सगळे ठरते. 'त्यांचा माणूस', 'पोलिसांचा खबरी' किंवा 'मांडवली करणारा' यांपैकी एक जरी शिक्का बसलेला असेल, तर तुमचे बोलणे कितीही गोड असले तरी पहिला दांडा तुमच्यावर पडण्याचा संभव असतो.

मी १९९६ पासून अकरा वर्षे भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांमध्ये आरोग्य कार्यकर्ती होते आणि त्यातला बराच काळ तिथल्या मोहल्ला कमिटीत, म्हणजे दंगली टाळण्यासाठी पोलीस आणि दोन्ही समाजांची माणसे मिळून चालवत त्या समितीत, बसत असे. २००७ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदराच्या गावी राहते आणि तुम्ही म्हणता तेच काम, कोणतेही नाव न देता, दोन सहकाऱ्यांबरोबर करते. पुढे जे लिहिते आहे ते या दोन ठिकाणांच्या अनुभवावर आधारलेले आहे. तुमच्या गावी त्यातले काही लागू पडणार नाही.

शिकागोचे काम आपल्यापर्यंत बहुधा शौर्यकथा होऊन पोहोचते, म्हणून त्याची रचना आधी समजून घ्या. गॅरी स्लटकिन हे साथरोगांचे डॉक्टर. आफ्रिकेत क्षय, कॉलरा आणि एड्स यांच्या साथींवर काम करून ते शिकागोला परतले, तेव्हा शहरातील गरीब वस्त्यांमधला गोळीबारही साथीसारखाच एकातून दुसरा असा पसरतो, असे त्यांना दिसले. त्यातून २००० साली वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत 'सीझफायर' हा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याला 'क्युअर व्हायोलन्स' हे नाव मिळाले. भांडणात थेट पडणारे कार्यकर्ते मात्र २००४ पासून वेगळे नेमले गेले. ही माणसे त्याच वस्तीतली, बरीचशी पूर्वी टोळ्यांमध्ये असलेली आणि तुरुंगवास भोगून आलेली असतात. इतरत्र नोकरी मिळू न देणारा हा भूतकाळ तिथे पात्रता ठरतो, कारण ज्याला गोळी झाडायची आहे तो मुलगा शिक्षकाचे किंवा पोलिसाचे ऐकणार नाही, पण ज्याने ती चूक करून आयुष्याची वर्षे घालवली त्याचे कदाचित ऐकेल. त्यांच्या जोडीला दुसरे कार्यकर्ते असतात, जे मोजक्या तरुणांच्या मागे महिनोन्महिने राहून त्यांना शाळा, काम, व्यसनमुक्ती यांच्याकडे वळवतात. तुमच्या पत्रात या दुसऱ्या कामाचा उल्लेखच नाही.

हे काम सगळीकडे सारखे यशस्वी झालेले नाही. काही वस्त्यांत गोळीबार ठळकपणे कमी झाला, काही ठिकाणी फरक पडला नाही, आणि बाल्टिमोर शहरात २००७ पासून याच धर्तीवर चाललेल्या 'सेफ स्ट्रीट्स'च्या अभ्यासांतही वस्तीगणिक वेगवेगळे निष्कर्ष निघाले. त्याच बाल्टिमोरमध्ये जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या एका वर्षात या कार्यक्रमाचे तीन कार्यकर्ते गोळीबारात मारले गेले. अनुभव, प्रशिक्षण, पगार आणि पाठीशी संस्था असलेली माणसे होती ती. तुमच्या आईची भीती अवास्तव आहे असे मी म्हणणार नाही.

आता आपल्याकडचे. आपल्या किनाऱ्यावर मुलांच्या हाती बंदूक नाही. स्टंप, दांडा, फार तर कोयता असतो. त्यामुळे वार करायला जवळ यावे लागते, आणि जवळ येण्यापूर्वी थोडा वेळ मिळतो. दुसरे, इथे अनोळखी कोणी नसते. तुम्ही कुठल्या वाडीचे, कुठल्या भावकीचे, तुमच्या आजोबांनी कुणाशी कोर्टात दावा लढवला होता, हे समोरच्याला तुम्ही तोंड उघडण्यापूर्वी माहीत असते. शिकागोतल्या कार्यकर्त्याला त्याचा भूतकाळ उपयोगी पडतो. आपल्याला तो पुष्कळदा आडवा येतो. तुमचे चौघे मित्र एकाच वाडीचे असतील, तर सध्या काहीच सुरू करू नका. समोरच्या वाडीतले किमान दोघे बरोबर येईपर्यंत तुम्ही मध्यस्थ ठरत नाही, एका पक्षाचे समजूतदार सदस्य ठरता. त्याचाही उपयोग असतो, पण तो आपल्याच घरातल्या मुलांना आवरण्यापुरता.

सर्वांत आधी भांडणाची जात ओळखावी लागते, आणि ही गोष्ट मी हात मोडून शिकले. काही वर्षांपूर्वी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे धरणारे, नौकावाले यांच्यात जेटीवर बाचाबाची सुरू असल्याचे कळले. दोन्हीकडची तरुण मुले मला ओळखत होती, म्हणून हीही मुलांची खुन्नसच आहे असे समजून मी निघाले, आणि घाईत एका ओळखीच्या गृहस्थांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. त्या गृहस्थांची एका पर्ससीन नौकेत भागीदारी होती. मला ती माहीत नव्हती, जेटीवरच्या प्रत्येकाला होती. गाडीवरून उतरून दहा पावले चालले असेन नसेन, तोच बांबूचा फटका डाव्या मनगटावर बसला. मारणारा मुलगा नंतर रडत घरी आला, पण त्या क्षणी त्याने जे पाहिले त्याप्रमाणे तो चुकला असे मला आजही म्हणता येत नाही. त्याला मी समोरच्यांच्या गाडीवरून येताना दिसले होते. शिवाय ते भांडण पोटाचे होते. कोणत्या जाळ्याने, किती अंतरात, कोणत्या महिन्यात मासे धरायचे याला १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आहे, आणि तो अमलात आणणे मत्स्यव्यवसाय खात्याचे काम आहे. तिथे मी कुणाला काय देऊ शकणार होते? वाळू, दारू, जमिनीची दलाली आणि मासेमारीचे हक्क यांवरून पेटलेल्या भांडणात तुमच्यासारख्या गटाने पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तुमच्या मागे-पुढे पैसा उभा असतो आणि तो कोणत्या बाजूचा हे तुम्हाला सर्वांत शेवटी कळते.

तुमच्या पत्रावरून तुमच्याकडचे प्रकरण पालखीच्या वाटेवरून सुरू झाले आणि क्रिकेटच्या मैदानावर वाढले असे दिसते. म्हणजे ती मानाची खुन्नस आहे, आणि हाताळता येण्यासारखी आहे. अशा भांडणात सर्वांत धोक्याची वेळ मारामारीची नसते. मारामारीनंतरचे सहा-आठ तास अधिक धोक्याचे असतात, आणि ते बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात जातात. शिकागोचे कार्यकर्ते जखमीच्या खाटेपाशी पोहोचतात ते याच कारणाने. सूड तिथेच ठरतो.

एक रात्र सविस्तर सांगते, कारण कामाची पद्धत तीतून अधिक कळेल. मे महिना होता, चाकरमानी गावी आलेले, आणि रात्रीच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेत शेवटच्या षटकातल्या एका धावबादच्या निर्णयावरून राडा झाला. एका मुलाच्या डोक्यात स्टंप बसला. त्याला सिव्हिलमध्ये नेले. मी अकराच्या सुमारास पोहोचले तेव्हा व्हरांड्यात त्याच्या भावकीतले अकरा जण होते आणि तिघे-चौघे मोठमोठ्याने 'आजच्या आज' अशी भाषा करत होते. पहिले दोन तास मी भांडणाचा विषय काढला नाही. कोण जेवले आहे, कोण नाही, एवढे विचारले आणि चहा व वडापाव मागवले. पोट रिकामे आणि डोके तापलेले असताना कुणी काही ऐकत नाही. त्या वेळात मी एकच गोष्ट पाहत होते: गप्प कोण आहे. ओरडणाऱ्यांची मला फारशी काळजी वाटत नाही, त्यांचा राग तोंडावाटे निघून जात असतो. जखमी मुलाचा एक चुलत भाऊ मात्र काही न बोलता तीनदा खाली मोटरसायकलपाशी जाऊन आला होता. मी त्याला म्हटले, 'डॉक्टर रक्ताची तयारी ठेवा म्हणताहेत, तुझा रक्तगट कोणता?' डॉक्टर खरोखरच तसे म्हणाले होते. अशा वेळी खोटे बोलू नये, ते सकाळपर्यंत उघडे पडते. रक्त दिल्यावर त्याला थोडा वेळ आडवे पडावे लागले. मी शेजारी बसले.

पहाटे तीनच्या सुमारास तो बोलू लागला, आणि मला माहीत नसलेली गोष्ट बाहेर आली. त्याला डोक्यातल्या जखमेपेक्षा दुसरेच झोंबले होते. भाऊ खाली पडलेला असताना कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून, वर हसण्याची चिन्हे टाकून, तो स्टेटसला ठेवला होता. आता रात्रीतून डोके शिवून पूर्ववत करणे कुणाच्या हाती नव्हते, पण स्टेटस काढणे शक्य होते. माझी सहकारी समोरच्या वाडीतली. तिने तो व्हिडिओ ठेवणाऱ्या मुलाला फोन केला नाही, त्याच्या आजीला उठवले. साडेचारला स्टेटस गेले. त्या चुलत भावाने ते स्वतःच्या फोनवर पाहून खात्री केली आणि उजाडण्याच्या सुमारास गाडीची किल्ली आपल्या काकाकडे दिली. पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, त्याचे जे व्हायचे ते झाले. त्यात मी लक्ष घातले नाही. त्या रात्रीचे माझे काम दुसरा मुलगा सिव्हिलमध्ये येऊ न देण्यापुरते होते.

यात दोन गोष्टी ध्यानात आल्या असतील. भांडणाच्या पोटात अशी एखादी लहान, सकाळपर्यंत दुरुस्त करता येणारी गोष्ट असते आणि ती शोधावी लागते. दुसरे, मी दोन्ही पक्षांना समोरासमोर आणले नाही. निदान तीन दिवस आणू नये. आपल्याकडे जाणती माणसे घाईने दोघांना देवळात नेऊन गाऱ्हाणे घालतात, नारळ देववतात आणि चारचौघांत माफी मागायला लावतात. त्यांच्या पिढीत ते चालत असे. एक वाडी हिंदू आणि एक मोहल्ला मुसलमानांचा असेल तर ते मुळातच चालत नाही, आणि आजच्या मुलांना चारचौघांतली माफी हाच नवा अपमान वाटतो.

पोलिसांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण सर्वांत नाजूक भाग तोच आहे. मुलांकडून कळलेली माहिती पोलिसांना पुरवायची नाही, हा शिकागोच्या कार्यकर्त्यांचा पाया आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार खून, दरोडा, दंगल अशा काही गंभीर गुन्ह्यांची, किंवा ते करण्याच्या कुणाच्या इराद्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे. जुन्या संहितेत हेच कलम ३९ होते. म्हणून मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगते: तुमच्या शिव्या, प्रेमप्रकरणे, कुणी कुणाला काय म्हटले, हे माझ्यापाशी राहील; कुणाचा जीव घेण्याचे ठरते आहे असे कळले तर मी ते पोटात ठेवणार नाही, आणि पोलिसांना सांगितले तर ते तुम्हालाही सांगेन. आश्चर्य वाटेल, पण यामुळे विश्वास तुटत नाही. लपून सांगितलेली एक किरकोळ गोष्ट मात्र अनेक वर्षांची मेहनत घालवते. बीट अंमलदाराला भेटायचे ते दिवसाढवळ्या, ठाण्यात, सगळ्यांना दिसेल असे; टपरीच्या मागे कधीही नाही.

भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८४ च्या दंगलीच्या पार्श्वभूमीवर १९८८ पासून ज्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यांत पोलीस उघडपणे बसत, आणि शेजारी मातब्बर पुढाऱ्यांऐवजी माग चालवणारे, दुकानदार, भाजीवाले अशी दोन्ही समाजांची साधी माणसे असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्यात या कमिट्यांचा मोठा वाटा होता. मी तिथे नंतर गेले, पण जुन्या सभासदांकडून एक गोष्ट वारंवार ऐकली: त्या दिवसांत अफवा खरी की खोटी हे पाहायला दोन्ही समाजांतले दोघे बरोबर जात, एकटा कुणी जात नसे.

मांडवलीचेही सांगायला हवे. हा शब्द मुंबईहून आपल्याकडे आला आणि मध्यस्थीला चिकटला. एकदा पैशाची बोलणी तुमच्या तोंडून झाली, मग ती जखमी मुलाच्या औषधपाण्यासाठी का असेना, की तुम्ही त्यातला वाटा घेतला असे दोन्हीकडे बोलले जाते. साध्या दुखापतीचा गुन्हा कायद्याने तडजोडीस पात्र आहे, पण कोयत्याने केलेली गंभीर दुखापत नाही. ते प्रकरण 'मिटवून देतो' असे म्हणणारा मनुष्य एक तर अडाणी असतो किंवा लबाड. क्रॉस कम्प्लेंट (उलट तक्रार), चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई), जामीन हे सारे वकिलांवर सोडा. आणि कोणत्याही पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो येऊ देऊ नका, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा असला तरी.

जीवाची काळजी म्हणून मी जे कटाक्षाने पाळते ते थोडे आहे. एकटी जात नाही. कुठे जाते आहे ते घरी एकाला आणि बाहेर एकाला सांगून जाते. प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री बोलत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी जाते. उभ्याने बोलत नाही, बसते आणि बसवते, कारण बसलेल्या माणसाचा हात पटकन उठत नाही. शस्त्र बाहेर निघाले की आपले काम संपले असे समजते: ११२ ला फोन करायचा, जखमीला गाडीत घालायचे, बघ्यांना मागे न्यायचे. दोन शस्त्रांच्या मधे उभे राहायचे नाही. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे दोन मित्र दंगलखोर जमावाला अडवताना मारले गेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात अतोनात आदर आहे, पण तुम्हाला मी तसे करायला सांगणार नाही. जमावाशी बोलता येत नाही. जमाव होण्यापूर्वी एकेकट्याशी बोलता येते, आणि ते करायला तुमच्याकडे आज वेळ आहे.

हा वेळ कसा वापरायचा, तर पंचांग पाहून. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, परगावचे खलाशी घरी गेलेले, आणि आपली मुले रिकामी. या दोन महिन्यांत तुमचे दुसरे, कंटाळवाणे काम सुरू करा. दोन्ही वाड्यांतली मिळून आठ-दहा मुले अशी निवडा, की ज्यांच्याशिवाय मारामारी होत नाही. त्यांच्यापैकी कुणाला वाहन परवाना काढायचा असेल, कुणाची दहावीची एटीकेटी अडली असेल, कुणाला दारू सोडायची असेल. त्यांच्याबरोबर कार्यालयांच्या फेऱ्या मारा, आणि फेऱ्या मारताना शिमग्याचे नावही काढू नका. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटतील, मग गणपती येतील, चाकरमानी येतील, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत तुमची पहिली परीक्षा होईल. तोपर्यंत गटाला नाव देऊ नका, टी-शर्ट छापू नका. आठवड्यातून किती रात्री देणार आणि किती महिने, हे आधीच ठरवा. पगाराशिवाय हे काम माणसाला पोखरते. शिकागोतसुद्धा २००७ मध्ये राज्याचा निधी अडला तेव्हा अनेक वस्त्यांतले काम बंद पडले होते. माझ्या दोन सहकाऱ्यांपैकी एकीने मधली दोन वर्षे थांबून घेतले. झोप उडाली होती तिची. त्यात कमीपणा नाही.

राहिला आईचा प्रश्न. त्यांची समजूत घालू नका, त्यांना विचारा. तुम्ही लिहिता की त्या मासळीबाजारात बसतात. म्हणजे समोरच्या वाडीतल्या बायका रोज पहाटे त्याच लिलावात त्यांच्या शेजारी असतात, आणि कुठल्या घरात कुणाचा शब्द चालतो हे तुम्हा चौघांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. ज्या मुलाला सोळा टाके पडले, त्याच्या घरी समोरच्या वाडीतून आजवर कुणी, निदान एखादी बाई, विचारपूस करायला गेली आहे का, एवढे त्यांच्याकडून काढून मला कळवा. त्यावर पुढचे बोलू.